जागलीचे वाक्य

अमरावती, रविवार, ४ जुलै १९६५

दुर्गाला जाऊन आज सहा महिने पूर्ण झाले. बत्तीस वर्षे रोज सायंकाळी कॉलेजातून आल्यावर दिवसाचा वृत्तान्त मी तिला सांगत असे आणि ती ज्वारी निवडता निवडता ऐकत असे. आता ऐकणारे कोणी नाही, आणि न सांगितलेला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. म्हणून ही वही.

काल सूर्यभानचे कार्ड आले. हवाई दलातून आठ दिवसांची रजा मिळाली असून तो शनिवारी पोहोचेल. फ्लाइट लेफ्टनंट झाला, लढाऊ विमान चालवतो, तरी लिहितो मात्र असे : ‘मी येऊन राहिलो. भाकर खाईन, पोळी नको.’ माझ्याही नकळत मी लाल शाईची लेखणी उचलली आणि ‘येऊन राहिलो’ खाली रेघ मारली. दुर्गा म्हणत असे, ‘तुमी पोराचं पत्र वाचत नाई, तपासता.’ रेघ मारून झाल्यावर हे आठवले.

अमरावती, शनिवार, १० जुलै

सूर्यभान सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतरला व साडेनऊला घरी आला. आईच्या छायाचित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मी मेणबत्ती लावली. बुद्धवंदना दोघांनी मिळून म्हटली. त्यानंतर तो स्वयंपाकघरात गेला आणि तिच्या पाटावर बसला. बैठकीत खुर्च्या आहेत हे मी सांगितले, पण तो उठला नाही.

जेवताना त्याने आपली अडचण सांगितली. ती मला समजली तशी नोंदवतो.

त्यांच्या तुकडीकडे असलेली विमाने जुनी व संथ आहेत. पलीकडच्यांची नवी आहेत आणि वेगाने यांच्या जवळजवळ दुप्पट. तुकडीप्रमुख मागच्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले, पदक मिळवलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या पद्धतीनुसार चार विमानांनी एकामागे एक, एकाच उंचीवरून, एकाच दिशेने लक्ष्यावर जावयाचे. तरुण वैमानिकांचे म्हणणे असे की, ब्रह्मदेशात वर कोणी टपलेले नव्हते म्हणून हे चालले. आज चालणार नाही. त्यांना दोन-दोनच्या जोड्यांनी, एकमेकांपासून दूर राहून जावयाचे आहे, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची पाठ दिसते.

“मग हे त्यांस सांगितले का?” मी विचारले.

“सांगतलं. बुढा म्हनते, तोंडी वाद नको, लेखी द्या. महिना संपाच्या आत द्या.”

“तुकडीप्रमुखांस बुढा म्हणू नये.”

“तेही आमाले पोट्टे म्हनतात, बाबा. हिशेब बरोबर.”

चौघा तरुण वैमानिकांच्या वतीने लिहिण्याचे काम त्याच्यावर आले आहे. चौघांत दुसरा आपल्याच भागातला, बार्शीटाकळीच्या नत्थुजी पाटलांचा केशव. दोघे आकाशातसुद्धा वऱ्हाडी बोलतात, म्हणून तुकडीत त्यांची थट्टा होते.

मी विचारले, “तुझे इंग्रजी वाईट नाही. माझी काय गरज?”

तो म्हणाला, “माह्या इंग्रजीत ते भांडन वाटते. तुमी लिवलं तं साहेब पुरतं वाचतीन.”

हे ऐकून मला समाधान वाटले, हे लपवून काय उपयोग?

अमरावती, सोमवार, १२ जुलै

सूर्यभानने आपले म्हणणे मराठीत, म्हणजे त्याच्या मराठीत, एका कागदावर उतरवून दिले. मी त्याचे इंग्रजी करावयाचे. गोपनीय असे काही त्यात नाही. केवळ पद्धतीचा विचार आहे. बहुतेक मजकूर सुसंगत आहे. दोन वाक्ये मात्र जशीच्या तशी येथे उतरवतो, कारण ती पत्रात राहणार नाहीत.

पहिले : ‘जागलीवर दोघं जन एका माळ्यावर नाई बसत.’

दुसरे : ‘असं एकामागं एक गेलो तं चौघातले दोघं वापस येनार नाईत.’

पहिले वाक्य केशवचे आहे असे कळले. त्यांच्या शेतात ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांसाठी रात्रीची राखण करतात; तीच जागल. दोन राखणदार असतील तर दोघांनी एकाच माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसावयाचे नाही. एक शेताच्या या धुऱ्यावर, एक त्या धुऱ्यावर, तोंडे समोरासमोर. म्हणजे याच्या मागून आलेले डुक्कर त्याला दिसते. मी म्हणालो की उपमा समर्पक आहे, परंतु सरकारी पत्रात डुक्कर शोभत नाही.

“पत्रात डुक्कर नाईच, बाबा. जागल हाय.”

“जागल म्हटली की डुक्कर येतेच.”

तो हसला. सहा महिन्यांत या घरात कोणी हसले नव्हते.

दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र तो हसला नाही. मी समजावले की, वरिष्ठांस लिहिताना भविष्यकाळाचे असे निश्चित विधान करू नये. ते धमकीसारखे वाटते.

“पन ते खरं हाय.”

“खरे असेल. खरे कसे मांडावे हाच तर प्रश्न आहे.”

दोन्ही वाक्यांवर मी लाल रेघ ओढली.

मंगळवार, १३ जुलै

झोपण्यापूर्वी थोडेसे. माझे वडील डोमाजी निरक्षर होते. एकोणीसशे एकोणतीस साली कॉलेजातील शिष्यवृत्तीसाठी मी पहिला अर्ज लिहिला, तेव्हा तो त्यांनी मला वाचून दाखवण्यास सांगितले. माझ्यावर झालेल्या अन्यायाचे त्यात सविस्तर वर्णन होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘आपल्या कागदात नाई हा शब्द नको ठेवू, बापू. सायेब थितूनच वाचनं सोडते.’ मी अर्ज पुन्हा लिहिला. शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हापासून वस्तीतल्या शेकडो माणसांचे अर्ज मी लिहिले आणि त्यांपैकी फारच थोडे परत आले. आमच्यासारख्यांच्या हातून एक शब्द उणा-अधिक झाला तर दार बंद होत असे. सूर्यभानला ते दार उघडेच मिळाले. त्याला हे कसे कळावे?

शुक्रवार, १६ जुलै

पत्र पूर्ण झाले. तीन वेळा लिहिले. इंग्रजीतील अशी रचना बऱ्याच वर्षांत माझ्या हातून झाली नव्हती. मुख्य परिच्छेदाचा आशय असा : ‘प्रचलित पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी पूर्ण आदर बाळगून नम्रपणे निवेदन करावेसे वाटते की, बदललेल्या परिस्थितीत तिच्या अवलंबनात काही अडचणी संभवतात, ज्यांचा यथावकाश विचार व्हावा.’

सूर्यभानने उभ्यानेच वाचले. मग पाटावर बसून पुन्हा वाचले.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “पन केशवचं वाक्य ठेवा ना, बाबा. एवढं एक.”

मी नकार दिला.

“माय असती तं तिनं ठेवलं असतं.”

“तुझी आई अर्ज लिहीत नसे.”

हे मी बोलावयास नको होते. त्याने कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. त्याचा मूळ कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

रविवार, १८ जुलै

त्याला बडनेऱ्यास पोहोचवून आलो. गाडी हलताना तो पायऱ्यांवरून म्हणाला, “दुपारच्याले जेवत जा.” मी दुपारी जेवत नाही, हे त्याला कसे समजले, कळत नाही.

गुरुवार, ५ ऑगस्ट

आनंदाची वार्ता आहे. सूर्यभान लिहितो की तुकडीप्रमुखांस पत्र फार आवडले. ‘इतके सभ्य व सुंदर पत्र माझ्या हाताखालच्या कोणी आजवर लिहिले नाही,’ असे म्हणून त्यांनी ते भोजनगृहात सर्वांसमोर वाचून दाखवले. नंतर म्हणाले, ‘अडचणी कोणत्या युद्धात संभवत नाहीत?’ सगळे हसले. पत्र फाइलीत ठेवले आहे आणि त्याचा यथावकाश विचार होणार आहे.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट मी सहज सांगितली. दुर्गाला सांगता आली असती तर फार बरे झाले असते.

पत्राच्या अखेरीस सूर्यभानने केवळ इतकेच लिहिले आहे : ‘केशव म्हनते, तुह्या बाबाचं इंग्रजी लय गोड हाय. विडा खाल्ल्यासारखं.’ ही स्तुती आहे असे मी धरतो.

रविवार, २२ ऑगस्ट

सीमेवरच्या बातम्या चांगल्या नाहीत. काल सूर्यभानचे पत्र आले. सराव जुन्याच पद्धतीने चालू आहे. तो विचारतो : ‘मी अन् केशव परत जाऊन तोंडी सांगू का? साफ सांगू का असं आमी जानार नाई? तुमी हो म्हना, मंग जातो.’

हा प्रश्न त्याने मला का विचारावा? कदाचित पत्र माझे होते म्हणून.

आज सकाळपासून उत्तर लिहीत आहे. लेखी निवेदन दिल्यानंतर त्याच्या उत्तराची वाट पाहणे हाच शिष्टाचार होय. उत्तर येण्यापूर्वी तोंडी आग्रह धरल्यास मूळ निवेदनाचे वजन कमी होते. ‘जाणार नाही’ हे शब्द सैनिकाच्या तोंडी तर सर्वथा वर्ज्य आहेत. असे लिहिले. पहिला मसुदा कठोर वाटला. दुसरा करीत आहे.

लिहिता लिहिता, कोण जाणे का, डिसेंबरातली एक सकाळ आठवली. दुर्गा चुलीपाशी बसली होती. म्हणाली, ‘मले ठीक वाटून नाई राहिलं. आजच दाखवा.’ मी डॉक्टरांस चिठ्ठी लिहिली की, पत्नीस किंचित अस्वास्थ्य जाणवत असून सवडीनुसार तपासणीची वेळ द्यावी. आठवड्याने वेळ मिळाली. डॉक्टर चांगले गृहस्थ होते. म्हणाले, आठवड्यापूर्वी आणले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते तसे सहजच म्हटले असावे.

बुधवार, २५ ऑगस्ट

सूर्यभानला उत्तर टाकले. तिसरा मसुदा बरा उतरला.

मंगळवार, ७ सप्टेंबर

युद्ध सुरू झाले. खिडक्यांना खाकी कागद चिकटवला. कॉलेजात विद्यार्थ्यांनी जवानांसाठी वर्गणी सुरू केली आहे. शेजारची रुख्मिणी रेडिओ ऐकण्यास आली. विमानांचे नाव निघाले की ती माझ्याकडे पाहते, आणि मी रेडिओकडे पाहतो.

शनिवार, ११ सप्टेंबर

अकोल्याहून ललिताचे पत्र. माझी मुलगी तेथे शाळेत शिक्षिका आहे. लिहिते की बार्शीटाकळीस नत्थुजी पाटलांकडे तार आली. केशव गेला.

सूर्यभानचे काही कळलेले नाही. तार आलेली नाही, हेच आज चांगले.

सोमवार, १३ सप्टेंबर

तार नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

सूर्यभानचे कार्ड. पेन्सिलने लिहिले आहे.

‘चौघं गेलो. दोघं आलो.’

दुसरे काही नाही, सहीसुद्धा नाही. मी हे कार्ड वाचले आणि टेबलाचा खण उघडला. त्याचा जुलैतला कागद वर काढला. लाल रेघेखालचे वाक्य स्पष्ट वाचता येते. माझ्या रेघा नेहमीच बारीक असतात, खालचा मजकूर दिसावा म्हणून. विद्यार्थ्यास आपली चूक कळली पाहिजे.

रविवार, १७ ऑक्टोबर

महिनाभर या वहीस हात लावला नाही.

युद्ध थांबले. सूर्यभान परवा चार दिवसांच्या रजेवर आला. वाळला आहे. डाव्या हातावर भाजल्याची खूण आहे; विचारले तर ‘काई नाई’ म्हणतो. दोन दिवस आम्ही हवेविषयी, ललिताच्या मुलांविषयी, परतवाड्याच्या मोटारीविषयी बोललो. आज सकाळी मीच विषय काढला.

“तुझे तुकडीप्रमुख आता काय म्हणतात?”

तो भाकर कुस्करत होता. थांबला.

“त्या दिवशी संध्याकायी मी तेयच्या खोलीत गेलो. मनात होतं का आज बुढ्याले सोडत नाई. ते खुर्चीवर बसून होते. टोपीसुद्धा काढली नोती. मले म्हनाले, सूर्यभान, हे तुमी मले आधी काहून नाई सांगतलं?”

“पण आपण तर लेखी…”

“मीही तेच म्हनलं. लेखी देल्लं होतं. तं ते उठले, फाइल काढली, चश्मा लावला अन् तुमचं पत्र माह्यासमोर वाचलं. पुरतं. मंग माह्या हातात देल्लं. म्हनाले, दाखव, यात कुठी हाय?”

त्याने उघडा तळहात माझ्यापुढे धरला.

“मी पायलं, बाबा. दोनदा पायलं. त्यात नोतं.”

बाहेरून फेरीवाला ओरडत गेला.

“दुसऱ्या दिवशी तेयनं पद्धत बदलली,” सूर्यभान म्हणाला. “जोडीजोडीनं, लांबलांब. मंग आमचं कोनी गेलं नाई.”

मी म्हणालो की साधे सांगितले असते तरी त्यांनी ऐकलेच असते असे नाही. माणसे गेल्यावर पद्धत बदलणे निराळे आणि त्याआधी बदलणे निराळे. हे म्हणणे तर्काला धरून आहे.

“असंन,” तो म्हणाला. “मलेही नाई माहीत. मी तुमाले बोल लावून नाई राहिलो. मोठा झालो मी. ते वाक्य मी सोता लिवू शकत होतो खालती, पेनानं. मले वाटलं, बाबानं खोडलं म्हनजे चूकच असंन.”

त्याने आवाजही चढवला नव्हता. ताटाभोवतीचे पाणी त्याने बोटाने पुसले, जसे दुर्गा पुशी. मग म्हणाला, “उद्या बार्शीटाकळीले जातो. केशवची माय वाट पाहून राहिली. तुमी येता का?”

अकोला, मंगळवार, १९ ऑक्टोबर

ललिताच्या घरी बसून हे लिहितो. काल ललितासह आम्ही तिघे मोटारीने बार्शीटाकळीस गेलो.

वाटेत दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आली होती. सूर्यभान खिडकीतून पाहत होता. एका शेतात दोन माळे दिसले, दोन धुऱ्यांवर, समोरासमोर. आम्ही दोघांनीही ते पाहिले, आणि ते पाहिल्याचे एकमेकांस सांगितले नाही.

नत्थुजी पाटील शेतावर गेले होते. तार आल्यापासून ते दिवसभर तिकडेच असतात, असे कळले. केशवची आई गोदाबाई ओसरीवर उभी होती. तिने सूर्यभानला जवळ घेतले. मी अंगणातच थांबलो. माझे वडील धान्य मागण्यास अशा घरांच्या अंगणापर्यंत येत आणि त्यापुढे येत नसत. ती सवय पायांना अद्याप आहे.

“वर या ना, मास्तर,” गोदाबाई म्हणाली. “थितं काहून उभे?”

मी ओसरीवर गेलो. तिने तांब्या पुढे केला, मी पाणी प्यालो. आयुष्यभर ज्या गोष्टीची मी सनदशीर मार्गाने प्रतीक्षा केली, ती अशी एका वाक्यात झाली, आणि ती कोणत्या दिवशी झाली, हे मला विसरता येणार नाही.

सूर्यभानने तिला सगळे सांगितले. कसे गेले, काय दिसले, केशवचे शेवटचे बोलणे काय ऐकू आले. “मागं पाह्य, सूर्या,” एवढेच ते होते. मग तो थांबला, आणि आता माझी पाळी आहे हे मला समजले.

मी खिशातून तो जुलैचा कागद काढला. बोलण्याची मनाशी तयारी केली होती, प्रास्ताविकही योजले होते; ते आठवले नाही. मी तिला जागलीचे वाक्य वाचून दाखवले. हे केशवने साहेबांना सांगण्यासाठी दिले होते, आणि मी ते खोडले, असे सांगितले.

तिने कागद हातात घेऊन पाहिला. तिला वाचता येत नाही.

“हे तं माह्या सासऱ्याचं बोलनं हाय,” ती म्हणाली. “केशव लहान होता तं त्याले घेऊन जात जागलीवर.” मग म्हणाली, “काहून खोडलं?”

“मला ते सरकारी पत्रात अनुचित वाटले.”

“म्हनजे?”

मी शब्द शोधू लागलो. ललिता खाली पाहत होती.

“तुमी सायबाले भेले,” गोदाबाई म्हणाली.

“होय.”

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात एकाही अर्जात मी एवढे लहान वाक्य लिहिले नसेल. तिने मान हलवली. क्षमा केली असे नव्हे, रागही नव्हता. दळण किती झाले हे कळल्यावर माणूस हलवतो तशी.

थोड्या वेळाने ती आत जाऊन चहा घेऊन आली. सगळ्यांना देऊन झाल्यावर माझ्यासमोर बसली.

“तुमी अर्ज लिवता म्हनते सूर्यभान. माहा एक लिवून द्या. त्याच सायबाले.”

मी कागद घेतला. सवयीने वर उजवीकडे तारीख घातली आणि विचारले की मायना काय घालू.

“साहेब, एवढंच घाला.”

तिने सांगितले ते मी उतरवून घेतले. ते असे :

‘साहेब, मी केशवची माय. माहं पोरगं तुमाले सांगून राहिलं होतं का जागलीवर दोघं जन एका माळ्यावर नाई बसत. ते तुमच्यापरेंत पोचलं नाई. आता पोचून राहिलं. ते त्याच्या नावानं तुमच्या कागदात लिवून ठेवा. नवीन पोट्टे येतीन त्याईले वाचून दाखवा. मले दुसरं काई नाई पायजे. पैशाचा कागद आला, तो माह्या बुढ्याजवळ हाय. तुमी रडले म्हून सूर्यभान सांगते. मी अजून नाई रडली.’

शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ लिहू का, असे मी विचारले. ती म्हणाली, “काहून? मी काय तेयची नोकर हाव?” मी लिहिले नाही. तिने डावा अंगठा उठवला. सूर्यभान हे स्वतः घेऊन जाईल आणि साहेबांना तोंडी समजावून देईल.

परतीच्या मोटारीत त्याने ते पत्र माझ्याकडे दिले. ‘एकदा पाहून घ्या,’ म्हणाला. मी चष्मा लावला. लाल लेखणी कोटाच्या खिशात होती, नेहमी असते. ‘नाई’ हा शब्द पत्रात चार ठिकाणी आहे. मी ते पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचले आणि घडी घालून त्याला परत दिले.

दुर्गा, मी केवळ वाचले.